घरात आधीचं मांजर असताना नवं पिल्लू आणायचं तर

पहिल्या वेळी मी पिल्लू पिशवीतून काढलं आणि थेट ठमीच्या पुढ्यात ठेवलं. वर "बघ, कोण आलंय" असंही म्हणाले. ठमी तेव्हा ७ वर्षांची, घरातली एकुलती एक. तिने एकदा पिल्लाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, शेपटी बाटली धुवायच्या ब्रशासारखी फुगवली आणि कपाटावर जाऊन बसली. पुढे कित्येक दिवस ती फक्त रात्री खाली उतरायची. ते पिल्लू शेवटी एका मैत्रिणीकडे गेलं आणि तिथे मजेत वाढलं. दोन वर्षांनी बोंबल्या आला (नाव त्याने स्वतःच्या कर्तृत्वावर मिळवलं), तेव्हा मी हेच काम दुसऱ्या टोकाने सुरू केलं. ठमीला तो पहिल्यांदा दिसला सोळाव्या दिवशी. दोघं एका खोलीत मोकळी राहायला लागली त्याला साडेपाच आठवडे लागले. खाली जे लिहिलंय ते त्या साडेपाच आठवड्यांतलं आहे, आणि नंतर ओळखीच्या दोन-तीन घरांत हेच करताना जे पाहिलं त्यातलं.

आधी एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढच्या पायऱ्या पाठ कराव्या लागणार नाहीत. पाळीव मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिकी रानमांजर: एकटं राहणारं, एकट्याने शिकार करणारं, आपला इलाखा सांभाळणारं. मांजरं गटाने राहतच नाहीत असं नाही. खायला भरपूर मिळतं तिथे मोकाट भाट्या एकत्र राहतात, एकमेकींची पिल्लंही पाजतात. पण त्या बहुतेक मायलेकी, बहिणी, मावश्या असतात. आपलं कोण आणि परकं कोण हे त्या ठरवतात वासावरून. मांजराच्या गालांवर, हनुवटीवर, पंजांत, शेपटीच्या मुळाशी गंधग्रंथी असतात. ते दाराच्या चौकटीला, खुर्चीच्या पायाला, तुमच्या पोटरीला अंग घासतं तेव्हा त्याला लाड हवे असतात हे खरं, पण ते त्याच वेळी घरभर आपली सही करत असतं. अशा सह्यांनी भरलेल्या घरात अनोळखी वासाचं पिल्लू अचानक मधोमध उभं राहिलं, तर जुन्या मांजराच्या लेखी तो पाहुणा नसतो, ती घुसखोरी असते.

म्हणून क्रम असा: आधी वास, मग आवाज, मग नजरानजर, आणि अगदी शेवटी अंगाशी अंग. प्रत्येक पायरीवर किती दिवस थांबायचं हे जुनं मांजर ठरवतं. पिल्लाला विचारायची गरज नसते, ते पहिल्याच दिवशी सगळ्याला तयार असतं.

आणण्याआधी

"आमच्या मांजराला सोबत हवी" हे वाक्य बहुतेक वेळा आपण स्वतःसाठी बोलतो. तुमचं मांजर गेले काही महिने उड्या मारायला कचरतंय, जास्त झोपतंय, उचलल्यावर चिडतंय, तर पिल्लाआधी त्याला डॉक्टरांकडे न्या. म्हाताऱ्या मांजरांत संधिवात फार आढळतो आणि मांजरं दुखणं लपवण्यात पटाईत असतात. दुखऱ्या कमरेवर दिवसातून चाळीस वेळा कोणी झेपावणार असेल तर कुठलंही मांजर तुसडं होईल. जुनं मांजर १२-१३ वर्षांचं असेल आणि तुमची खरंच तयारी असेल, तर एकाऐवजी एकाच वेतातली दोन पिल्लं आणण्याचा विचार करा. ऐकायला उलटं वाटेल, पण दोन पिल्लं एकमेकांवर दात, नखं आणि उत्साह खर्च करतात, आणि म्हातारीला निवांत झोपू देतात.

पिल्लू ८ आठवड्यांपेक्षा लहान नको; १२ आठवड्यांचं असेल तर उत्तम. किती जोरात चावलं की समोरचा ओरडतो, हे पिल्लू आई आणि भावंडांकडून शिकतं. ज्याला ते शिकायला मिळालं नाही ते तुमच्या जुन्या मांजरावर सराव करतं. रस्त्यावर सापडलेल्या पिल्लाच्या बाबतीत अर्थात निवड आपल्या हातात नसते.

जुन्या मांजराचं लसीकरण आणि नसबंदी झालेली हवी. नसबंदी न केलेल्या बोक्याबरोबर हा सगळा खटाटोप दुपटीने अवघड होतो.

पहिला मुक्काम डॉक्टरांकडे

घरी येण्याआधी पिल्लू डॉक्टरांना दाखवा आणि मग किमान २ आठवडे पूर्ण वेगळं ठेवा. ते कितीही टुणटुणीत दिसलं तरी. पॅनल्युकोपेनियाचा विषाणू पिल्लांना एक-दोन दिवसांत संपवू शकतो आणि घरात वर्षभर टिकू शकतो. ल्युकेमियाचा विषाणू लाळेतून पसरतो, म्हणजे एकमेकांना चाटण्यातून आणि एका भांड्यात खाण्यातून. त्यासाठी रक्ताची चाचणी असते, आणि पिल्लू फार लहान असेल तर डॉक्टर ती काही आठवड्यांनी पुन्हा करायला सांगतात. शिवाय जंत, पिसवा, कानातले किडे आणि नायटा. नायटा तुम्हालाही होतो, त्यामुळे पिल्लाच्या कानाशी किंवा नाकावर केस गेलेला गोल चट्टा दिसला तर "पडलं असेल कुठेतरी" म्हणून सोडून देऊ नका.

पिल्लांच्या लसी साधारण ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू होतात आणि १६ आठवड्यांचं होईपर्यंत दर ३-४ आठवड्यांनी दिल्या जातात. पिसवांसाठी कुत्र्यांचं औषध मात्र चुकूनही लावू नका. त्यातलं परमेथ्रिन मांजराचा जीव घेऊ शकतं. खोली पुसायला फिनॉल असलेली जंतुनाशकंही नकोत, तीही मांजरांना विषारी असतात. आधी साबणाने घाण काढून मग १ भाग ब्लीच आणि ३२ भाग पाणी, दहा मिनिटं ठेवून स्वच्छ धुणं आणि पूर्ण कोरडं होऊ देणं, हे पुरतं.

पिल्लाची खोली

दार नीट बंद होणारी कुठलीही खोली चालेल. फक्त जुनं मांजर जिथे झोपतं किंवा ज्या खिडकीत बसून जगाकडे बघतं ती खोली नको. तिचा हक्काचा कोपरा काढून घेऊन मैत्रीची सुरुवात होत नाही. पिल्लाच्या खोलीत पाणी, खाणं, त्यापासून लांब लिटर ट्रे, झोपायला उबदार काहीतरी, लपायला एखादं खोकं आणि नखं घासायला काहीतरी ठेवा. गोळे होणारं लिटर अगदी लहान पिल्लांना नको, कारण ती ते चाखून बघतात. कपाटामागची फट, खिडकीची जाळी, लोंबणाऱ्या वायरी हे सगळं जमिनीवर आडवं पडून पिल्लाच्या उंचीवरून तपासा. बोंबल्या पहिल्या रात्री पलंगाच्या गादीखालच्या कप्प्यात शिरला होता. मी पहाटेपर्यंत पलंगच खोलत होते.

लिटर ट्रेचा हिशेब सोपा आहे: जितकी मांजरं त्याहून एक जास्त. दोन मांजरांना तीन. तिन्ही एका रांगेत ठेवले तर मांजराच्या दृष्टीने तो एकच मोठा ट्रे होतो, म्हणून वेगवेगळ्या जागी ठेवा, आणि एक तरी असा हवा की त्याकडे जाण्या-येण्याचे दोन रस्ते असतील. कोपऱ्यात अडवलं जाण्याची भीती असेल तर मांजर ट्रे सोडून तुमची गादी निवडतं.

पिल्लू घरात येताना जुनं मांजर दुसऱ्या खोलीत असू द्या. पेटी सरळ पिल्लाच्या खोलीत न्या, दार लावा, बाहेर या, हात धुवा. आणि मग जुन्या मांजराचं जे रोजचं असतं ते त्याच वेळी करा. खाणं आधी तिला, खेळ आधी तिच्याशी, रात्री पायथ्याशी झोपायचा मान तिचाच. पहिल्या आठवड्यात पिल्लाचं कौतुक करायला येणाऱ्या लोकांना मी दारातच सांगायचे की आधी ठमीला नमस्कार करा.

वास

पायमोज्यासारखं मऊ कापड घ्या. ते पिल्लाच्या गालांवरून आणि हनुवटीवरून हलकेच फिरवा, मग जुनं मांजर जिथून जातं-येतं अशा ठिकाणी जमिनीवर टाका. नाकाला लावू नका, वाटीखाली ठेवू नका. फक्त पडू द्या. तिने हुंगून फिस्कारलं तर चालेल. हुंगून निघून गेली तर फार छान. त्या कापडाजवळ तिच्या आवडीचा खाऊ ठेवत जा. ठमीने पहिलं कापड पंजाने कोचाखाली ढकललं होतं. चौथ्या दिवशी ती त्यावर बसून अंग चाटत होती. मग तसंच उलट, तिचं कापड पिल्लाच्या खोलीत.

त्यानंतर अंथरुणांची अदलाबदल. आणि वेगळं ठेवण्याचे दोन आठवडे उलटले, डॉक्टरांनी पिल्लू ठीक आहे म्हटलं, की जागांची अदलाबदल: जुनं मांजर दुसऱ्या एका खोलीत बंद, पिल्लू घरभर अर्धा तास, मग पिल्लू त्या खोलीत, आणि जुनं मांजर पिल्लाच्या खोलीत तपासणीला. ही पायरी लोक हमखास गाळतात. माझ्या मते सगळ्यात जास्त काम हीच करते, कारण जुन्या मांजराला त्या बंद दारामागचं गूढ स्वतःच्या गतीने, कोणी अंगावर न येता, उकलता येतं.

याच काळात दोघांचं जेवण दाराच्या दोन बाजूंना. पहिल्या दिवशी दारापासून ६ फुटांवर. दोघं शांतपणे खात असतील तर पुढच्या वेळी अर्धा फूट जवळ. जुनं मांजर खाता खाता थांबून दाराकडे टक लावू लागलं तर वाटी मागे घ्या, तिथे दोन-तीन वेळा तसंच राहू द्या. दारापलीकडचा चपचप आवाज आणि स्वतःच्या पोटात जाणारं चांगलंचुंगलं यांची गाठ हळूहळू बसते. वाट्या दाराला टेकल्या, की पुढे जायचं.

नजरानजर

दार दोन-तीन बोटं उघडेल असं दोन्हीकडून पाचर लावून पक्कं करा. पिल्लाचं डोकं जाईल एवढी फट म्हणजे पिल्लू आलंच समजा. जाळीचं दार किंवा लहान मुलांसाठी लावतात तसं फाटक असेल तर उत्तम. त्यावर चादर टाका आणि दर वेळी थोडी थोडी वर घ्या. भेट २ ते ५ मिनिटांची, दोन्हीकडे खाऊ, आणि सगळं छान चाललेलं असतानाच बंद. आणखी पाच मिनिटं बघूया, असं वाटलं की चादर खाली सोडा.

इथे मांजर वाचता यायला हवं. नवखी माणसं फिस्कारण्याला फार घाबरतात. फिस्कारणं म्हणजे "लांब राहा" असं सभ्य शब्दांत सांगणं; ते ऐकून पिल्लू थबकलं तर संवाद झाला. मला जास्त भीती शांततेची वाटते. कान मागे चपटे, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या काळ्या, अंग ताठ, शेपटीचं टोक तेवढं फटफट हलतंय आणि नजर पिल्लावर खिळलेली, पापणीही लवत नाही, असं दिसलं की आवाज न करता मध्ये पुठ्ठा सरकवा आणि भेट संपवा. याउलट नजर वळवणं, जांभई, बसल्या बसल्या पंजा चाटायला लागणं, शेपटी उभी करून जवळ येणं ही सगळी चांगली चिन्हं.

तुम्ही स्वतः काय करायचं? खाली बसा आणि जुन्या मांजराकडे डोळे अर्धवट मिटत, सावकाश बघा. २०२० साली ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की माणसाने असे डोळे मिटवले की मांजरंही तसेच डोळे मिटवून उत्तर देतात, आणि अनोळखी माणसाने केलं तरी त्याच्याजवळ यायला जास्त तयार होतात. ठमीवर ते चालायचं. निदान माझा तरी जीव थाऱ्यावर यायचा.

समोरासमोर

पहिल्या मोकळ्या भेटीआधी पिल्लाला खेळवून खेळवून दमवा, त्याची नखं कापा, आणि घरात दुसरं माणूस असेल अशी वेळ निवडा. जुन्या मांजराला चढून बसायला उंच जागा हवी, पिल्लाला शिरायला लहान भोकाचं खोकं हवं. दोन काड्यांना बांधलेली दोन पिसं, प्रत्येक माणसाकडे एक मांजर. पिल्लू हातात धरून तिच्यापुढे नेऊ नका: घाबरलं तर तुमच्या अंगावरून पळेल, आणि तिला वाटेल की तुम्ही बाजू घेतलीत. ५ मिनिटं झाली की पिल्लू त्याच्या खोलीत. रोज दोन-तीनदा, थोडं थोडं वाढवत.

तिने पिल्लाला चापट मारली तर लगेच धावू नका. नखं आत ठेवून दिलेली चापट ही शिकवणी असते, आणि पिल्लाला ती हवीच असते. बोंबल्याला पहिल्या आठवड्यात अशा डझनभर बसल्या. सहाव्या-सातव्या भेटीपासून तो ठमीजवळ जाताना पोट जमिनीला घासत, कडेकडेने जायला शिकला.

खेळ आणि भांडण यांतला फरक कळायला थोडा वेळ लागतो. खेळात आवाज जवळजवळ नसतो, मध्येच दोघं थांबतात, आणि पाठलाग आळीपाळीने होतो: आता हा पुढे, मग ती. भांडणात किंचाळणं असतं, केस उडतात, आणि कायम एकच पळतो नि दुसरा अडवतो. शंका आली तर मध्ये एक मोठी टाळी वाजवण्याऐवजी उशी सरकवा आणि बघा. खेळ असेल तर दोघं लगेच परत एकमेकांकडे येतात. भांडण असेल तर दबलेलं मांजर संधी साधून निघून जातं.

खरं भांडण जुंपलं तर हात मध्ये घालायचा नाही. भडकलेलं मांजर त्या क्षणी समोर येईल त्याला चावतं, आणि मांजराचा चावा खोल जातो, बऱ्याचदा चिघळतो. पुठ्ठा, उशी, जाड चादर, जे हाताशी असेल ते दोघांमध्ये घाला. मग वेगवेगळ्या खोल्या, अंधार, शांतता. काही तास, लागलंच तर पूर्ण दिवस. समजूत काढायला जाऊ नका, ओरडू तर नकाच. नंतर दोन पायऱ्या मागे जाऊन पुन्हा वाट्यांपासून सुरू करा.

सलग दोन आठवडे भेटी शांतपणे पार पडेपर्यंत दोघांना देखरेखीशिवाय एकत्र ठेवू नका, रात्री तर नाहीच.

जेवण मात्र नंतरही वेगळंच ठेवा. पिल्लाचं खाणं वाढीसाठी असतं, जड असतं. जुन्या मांजराला ते फार आवडतं आणि ती गोल होते. तिला मूत्रपिंडाच्या आजाराचं पथ्य असेल तर पिल्लाची वाटी तिच्यासाठी अपायकारकच.

थांबून डॉक्टरांना फोन करायचा तो केव्हा

जुन्या मांजराने पूर्ण दिवस काही खाल्लं नाही तर. जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तरी त्याचं यकृत बिघडू शकतं, त्यामुळे "रुसलीये, खाईल" असं म्हणून वाट बघू नये. ताणामुळे मूत्राशयाचा त्रासही होतो. ट्रेबाहेर लघवी, लघवीत रक्त, पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये जाणं ही त्याची लक्षणं. बोका जोर करतोय आणि थेंबही येत नाही, तर ती आणीबाणी आहे. सकाळपर्यंत थांबायचं नाही. पिल्लाच्या बाबतीत मरगळ, उलट्या, जुलाब, खाणं बंद, यांतलं काहीही त्याच दिवशी दाखवा.

एक अडथळा मला कोणी सांगितला नव्हता. बोंबल्या पाच महिन्यांचा झाल्यावर त्याची नसबंदी केली (त्याहून उशीर करू नका, भाटी असेल तर चार महिन्यांपासूनच गाभण राहू शकते). तोवर दोघं एकाच खुर्चीवर झोपायची. संध्याकाळी त्याला घरी आणलं, पेटी उघडली, आणि ठमी पहिल्या दिवसासारखी फिस्कारली. मला वाटलं सगळं गेलं पाण्यात. कारण साधं होतं: त्याला दवाखान्याचा वास येत होता, आणि ठमीच्या नाकाला हा बोंबल्या नव्हताच. रात्रभर त्याला त्याच्या जुन्या खोलीत, दोघांच्या वासाच्या चादरीवर झोपवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दार उघडलं, तिने त्याचं डोकं हुंगलं, मग कान चाटायला घेतला. तेव्हापासून कोणालाही डॉक्टरांकडे नेलं की परतल्यावर एक रात्र वेगळी.

सगळ्यांचं इतकं गोड होत नाही. ओळखीतल्या एका घरात दोन मांजरं तीन वर्षांपासून एकमेकांना ओलांडून जातात, एक खिडकी सकाळी हिची आणि दुपारी त्याची. चाटणं नाही, बिलगणं नाही, भांडणही नाही. दोघं खातात, खेळतात, ट्रे वापरतात, पोटभर झोपतात. म्हणजे काम झालं. तुमच्याही घरी तेवढंच झालं तर तिसरा ट्रे "आता कशाला" म्हणून उचलू नका. आम्ही उचलला होता, आणि ठमीने दुसऱ्याच दिवशी त्याच जागी, उघड्या फरशीवर, आपलं म्हणणं मांडलं.